फुल्यांचे 'सदाचारी लोक' १८५० साली कुठे होते? (अमेरिकेतला फरारी गुलामांचा कायदा)

मेधा_शनिवार

नमस्कार मंडळी.

मी निवृत्त शिक्षिका. आमच्या गावच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी आठवी ते दहावीची दहाबारा मुलं जमतात, एक पुस्तक घेऊन आम्ही थोडं थोडं वाचतो. सध्या जोतीरावांची 'गुलामगिरी' (१८७३) चालू आहे. अर्पणपत्रिकेत त्यांनी म्हटलंय की युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांनी गुलामांना दास्यातून मुक्त केलं, म्हणून हे पुस्तक त्यांना अर्पण. मी मुलांना लिंकन, उत्तर आणि दक्षिण, १८६१ ते १८६५ चं यादवी युद्ध, असं थोडक्यात सांगून पुढे गेले.

पुढच्या शनिवारी एक मुलगा उठला. त्याच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, एरवी फारसा बोलत नाही. म्हणाला, "बाई, त्याच लोकांनी १८५० साली कायदा केला होता ना, की पळून आलेला गुलाम धरून परत द्यायचा? मग सदाचारी कोण?"

मी त्याला सरळ सांगितलं की मला माहीत नाही, शोधून सांगते. तेव्हापासून जमेल तसं वाचते आहे. कायदा झाला हे कळलं. पण सगळी लढाई पेटली ती या कायद्यानेही, असं जे म्हणतात ते उलगडत नाही. असे पळून येणारे असून असून किती असणार? त्यांच्यापायी देशाचे दोन तुकडे कसे होतील? कुणाला नीट ठाऊक असेल तर दहावीच्या मुलाला कळेल असं सांगाल का?

सह्याद्रीचा_वारा

मेधाताई, थोडक्यात सांगतो. १८५० चा हा कायदा म्हणजे एका मोठ्या तडजोडीतलं एक कलम होतं. मेक्सिकोशी युद्ध जिंकून अमेरिकेला प्रचंड मुलूख मिळाला, तिथे गुलामगिरी चालू द्यायची की नाही यावर संसदेत रण माजलं. शेवटी कॅलिफोर्नियाला गुलामगिरी नसलेलं राज्य म्हणून घेतलं, राजधानी वॉशिंग्टनमधला गुलामांचा व्यापार बंद केला आणि बदल्यात दक्षिणेला हा कायदा दिला. व्हर्जिनियाच्या जेम्स मेसनने तो आणला, राष्ट्राध्यक्ष फिलमोर यांनी १८ सप्टेंबर १८५० ला सही केली. मॅसॅच्युसेट्सचे डॅनियल वेब्स्टर, म्हणजे उत्तरेतलंच बडं प्रस्थ, त्यांनीही देश एकसंध राहावा म्हणून पाठिंबा दिला.

पण युद्धाचं कारण हे नव्हे असं माझं मत. खरी भांडणं जकातीची आणि राज्यांच्या हक्कांची. दक्षिणेचं म्हणणं एवढंच होतं की केंद्राने आमच्या कारभारात नाक खुपसू नये.

अनुराधा_लँकेस्टर

मेधाताई, त्या मुलाला माझा नमस्कार सांगा. त्याने मुळावरच बोट ठेवलंय.

मी मूळची कराडची, गेली चौदा वर्षं पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरला राहते. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. पण माझ्या घरापासून अर्ध्या तासावर ख्रिस्तियाना नावाचं छोटं गाव आहे. तिथे काय घडलं ते समजल्यापासून हा कायदा मी मिळेल तिथून वाचत आले आहे.

आधी कायदा काय होता ते सांगते, कारण सगळं त्याच्या कलमांत आहे. पळालेला गुलाम मालकाला परत द्यावा असं अमेरिकेच्या राज्यघटनेतच होतं. 'गुलाम' हा शब्द मात्र त्यांनी तिथे येऊ दिला नाही, 'सेवेला किंवा कामाला बांधलेली व्यक्ती' असं लिहिलं. १७९३ साली त्यावर एक कायदाही झाला होता. पण तो राबवायचा कुणी हे ढिलं होतं, आणि उत्तरेतल्या राज्यांनी हळूहळू आपले तुरुंग आणि शिपाई त्या कामातून काढून घेतले. १८५० च्या कायद्याने दोरी एकदम आवळली.

मालक किंवा त्याचा मुखत्यार उत्तरेत येणार, कमिशनर नावाच्या केंद्राच्या अधिकाऱ्यापुढे कागद ठेवणार. ज्यूरी नाही. पकडलेल्या माणसाची साक्ष घ्यायचीच नाही, असं कायद्यात स्पष्ट शब्दांत. म्हणजे "मी तो नव्हे" एवढंसुद्धा तो स्वतःच्या तोंडाने शपथेवर सांगू शकत नव्हता. कमिशनरने माणूस मालकाच्या हवाली केला तर त्याची फी १० डॉलर, सोडून दिला तर ५ डॉलर. समर्थन असं दिलं जायचं की हवाली करताना लिखापढी जास्त करावी लागते. हे दोन आकडे उत्तरेतल्या खेड्यापाड्यांत लोकांच्या तोंडी होते.

पकडायला मार्शलने, म्हणजे केंद्राचे हुकूम बजावणाऱ्या अधिकाऱ्याने, हयगय केली तर त्याला १००० डॉलर दंड. कुणी आसरा दिला, लपवलं, सोडवायला मदत केली, तर १००० डॉलरपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, आणि वर मालकाला माणसामागे १००० डॉलर भरपाई.

आता मुलांना सांगायची खरी गोष्ट. त्या कायद्यात एक वाक्य आहे: गरज पडेल तेव्हा मार्शलच्या हाताखाली येऊन मदत करण्याचा 'सगळ्या चांगल्या नागरिकांना' हुकूम आहे. चांगले नागरिक. अर्पणपत्रिकेतले 'सदाचारी लोक' आठवा आणि हे शब्द शेजारी ठेवा. १८५० च्या कायद्याप्रमाणे चांगला माणूस म्हणजे काय, तर धाव म्हटलं की दुसऱ्याच्या गुलामामागे धावणारा. आपल्याकडे याला वेठ म्हणतात. दक्षिणेत काळा माणूस आधीच राबत होता, या कायद्याने उत्तरेतल्या गोऱ्या शेतकऱ्यालाही वेठीला धरलं.

तोपर्यंत उत्तरेतल्या बहुतेकांचं म्हणणं असायचं की गुलामगिरी वाईट खरी, पण ती तिकडे आहे, आपल्याला काय त्याचं. बरेच जण तर तेवढंही म्हणत नसत. आता ती त्यांच्या अंगणात आली, आणि नुसतं बघत उभं राहायचीही सोय ठेवली नाही.

एक उदाहरण. डिसेंबर १८५० मध्ये फिलाडेल्फियात अ‍ॅडम गिब्सन नावाच्या माणसाला धरलं. तो स्वतंत्र होता. इंग्राहम नावाच्या कमिशनरने त्याला मेरीलँडच्या एका मालकाकडे पाठवून दिलं. मालकाने बघितलं आणि सांगितलं, हा माझा नव्हे. म्हणून तो सुटला. विचार करा, न्याय मिळाला तो मालकाच्या प्रामाणिकपणामुळे, कायद्यात त्याची काही सोय नव्हती. स्वतंत्र काळ्या माणसांनाही उद्या आपली पाळी येईल हे दिसलं आणि हजारोंनी घरदार उचलून कॅनडा गाठला.

याच इंग्राहमने सप्टेंबर १८५१ मध्ये एडवर्ड गोरसच नावाच्या मेरीलँडच्या शेतकऱ्याला अटकेचे हुकूम दिले. गोरसचकडून चार जण १८४९ मध्ये पळाले होते. त्यांच्यावर गहू चोरल्याचा आरोप होता. गोरसच स्वतःला भला मालक समजायचा. आपल्या गुलामांना अठ्ठाविसाव्या वर्षी मोकळं करायचं अशी त्याची पद्धत. आपण समजावलं तर ते परत येतील अशी त्याची खात्री होती. मला या माणसाचा राग येतोच, पण त्याची ही खात्री मला जास्त अस्वस्थ करते. आपण चांगले आहोत असं ज्याला मनापासून वाटतं, त्याला दुसरा आपल्यापासून पळाला हे दिसतच नाही.

११ सप्टेंबरच्या पहाटे तो मुलगा, नातेवाईक आणि केंद्राचा डेप्युटी मार्शल क्लाइन यांना घेऊन ख्रिस्तियानाजवळच्या एका दगडी घरापाशी आला. घरात विल्यम पार्कर राहायचा. तो स्वतः मेरीलँडमधून पळून आलेला. आजूबाजूच्या काळ्या लोकांना जमवून त्याने गट बांधला होता, की कुणाला पळवायला आले तर सगळ्यांनी धावायचं. हे लोक येणार ही खबर फिलाडेल्फियाहून आधीच पोचली होती. पार्करची बायको एलायझा माडीच्या खिडकीत गेली आणि तिने शिंग फुंकलं. खालून गोळ्या झाडल्या तरी ती फुंकतच राहिली. शेताशेतातून माणसं निघाली, कुणाकडे बंदूक, कुणाकडे मका कापायचा कोयता.

तेवढ्यात शेजारचा गिरणीवाला कॅस्नर हॅनवे घोड्यावरून आला. गोरा माणूस. क्लाइनने त्याला कायद्याच्या नावाने हुकूम केला, मदत कर. हॅनवे नाही म्हणाला. त्याने हत्यार उचललं नाही, कुणाला भडकवलं नाही. फक्त नाही म्हणाला. पुढे चकमक झाली, गोरसच मेला, त्याचा मुलगा गंभीर जखमी झाला.

सरकारने मग ३८ जणांवर देशद्रोहाचा खटला भरला. होय, देशद्रोहाचा. आणि पहिला उभा केला तो हॅनवेला. खटला चालला फिलाडेल्फियाच्या इंडिपेन्डन्स हॉलमध्ये, म्हणजे जिथे १७७६ मध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला त्याच इमारतीत. बचावाच्या वकिलांत आमच्या लँकेस्टरचे थॅडियस स्टीव्हन्स होते. ज्यूरीने पंधरा मिनिटांत निर्दोष सोडलं, बाकीच्यांचे खटले मग उभे राहिलेच नाहीत.

मेरीलँडला यातून काय दिसलं? की आमचा माणूस कायद्याचा कागद हातात घेऊन गेला, त्याला मारला आणि कुणालाही शिक्षा नाही. पेनसिल्व्हेनियाला काय दिसलं? की नाही म्हटलं म्हणून आपल्या गिरणीवाल्याला फासावर द्यायला निघाले होते. एकच सकाळ, पण दोन्हीकडे तिची दोन वेगळी माणसं घडली. जॉन विल्क्स बूथ, ज्याने पुढे लिंकनला गोळी घातली, तो गोरसचच्या धाकट्या मुलाचा शाळासोबती होता. ती जखम त्याने दहा वर्षं जपली.

ते घर आता नाही. गावात १९११ साली उभारलेला दगडी खांब आहे. त्यावर गोरसचबद्दल लिहिलंय की तो कायद्यासाठी मेला, आणि हॅनवेबद्दल की त्याने स्वातंत्र्यासाठी सोसलं. दोघं एकाच दगडावर. पहिल्यांदा गेले तेव्हा मी ते वाचून कितीतरी वेळ तिथेच उभी होते.

मेधा_शनिवार

अनुराधाताई, हे वाचताना अंगावर काटा आला. एलायझाचं शिंग मुलांना नक्की सांगणार.

पण माझी अडचण अजून आहे. पार्कर, एलायझा, त्यांचे शेजारी, यांना कुणी सदाचारी व्हायला शिकवलं नव्हतं, ते स्वतःचा जीव वाचवत होते. हॅनवे एकटा. बाकीची उत्तर? ज्यांनी वेब्स्टरला मतं दिली, ज्यांना दक्षिणेचा कापूस हवा होता, ती माणसं बदलली का? आणि बदलली तर कशाने?

अनुराधा_लँकेस्टर

बदलली. सगळी नाही, आणि सगळी दयेपोटीही नाही. पण कधी बदलली ते एका शहरापुरतं तरी तारखेनिशी सांगता येतं. बॉस्टन, २ जून १८५४.

अँथनी बर्न्स, वय वीस. व्हर्जिनियातून जहाजात लपून बॉस्टनला आला, कपड्यांच्या दुकानात कामाला लागला. आपण कुठे आहोत ते त्याने भावाला पत्राने कळवलं. पत्र मालकाच्या हातात पडलं. २४ मे च्या संध्याकाळी दागिने चोरल्याच्या खोट्या आरोपावरून त्याला धरलं आणि न्यायालयाच्या इमारतीत कोंडलं. रात्री मालक चार्ल्स सटल समोर उभा राहिला आणि अदबीने विचारपूस केल्यासारखं बोलला. वीस वर्षांच्या पोराने सवयीने उत्तर दिलं. संपलं. ते बोलणं त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरलं. त्याच्या बाजूने त्याचं तोंड बंद, पण त्याच्या विरुद्ध त्याचाच शब्द चालला. मला हा भाग लिहितानासुद्धा राग आवरत नाही.

२६ तारखेच्या रात्री काळ्या-गोऱ्या लोकांनी मिळून ओंडक्याने न्यायालयाचा दरवाजा फोडायचा प्रयत्न केला. त्यात बॅचेल्डर नावाचा एक रखवालदार मारला गेला, बर्न्स काही सुटला नाही. राष्ट्राध्यक्ष पिअर्स यांनी तार केली की लागेल तेवढा खर्च करा. मग बंदरापर्यंतच्या रस्त्यावर सैन्य आलं, नौसैनिक आले, तोफ आली. एका माणसासाठी. दुतर्फा सुमारे ५०,००० लोक. दुकानांवर काळं कापड, आणि रस्त्याच्या वर एक शवपेटी टांगलेली, तिच्यावर लिहिलेलं 'स्वातंत्र्य'. त्यांच्यामधून तो पोरगा चालत जहाजापर्यंत गेला.

बॉस्टनमध्ये एमॉस लॉरेन्स नावाचे मोठे गिरणीमालक होते. कापड गिरण्यांचं घराणं, म्हणजे कापूस दक्षिणेचा, म्हणजे गुलामांनी वेचलेला. तडजोडीचे पक्के समर्थक. त्याच आठवड्यात त्यांनी पत्रात लिहिलं, की रात्री झोपलो तेव्हा आम्ही जुन्या वळणाचे, तडजोडवाले होतो आणि उठलो ते गुलामगिरीच्या विरोधात पिसाळलेले. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला याहून थोडक्यात कुठे सापडलं नाही.

पण नुसता बर्न्स नव्हता. त्याच आठवड्यात, ३० मे ला, कॅन्सस-नेब्रास्का कायद्यावर सही झाली. ज्या मुलखात गुलामगिरी जाणार नाही असं १८२० पासून ठरलेलं होतं, तो मुलूख तिला खुला झाला. म्हणजे लॉरेन्ससारख्या माणसाला एका हाताने दिसलं की तडजोडीतलं आपल्याला मिळालेलं काढून घेतलं, आणि दुसऱ्या हाताने दिसलं की आपण दिलेलं मात्र संगिनीच्या टोकावर वसूल होतंय. फसवलं गेल्याची चीड त्यात मोठी होती. ती चीड आणि बर्न्सबद्दलची कळवळ यांत वेगळं काय किती होतं ते मला सांगता येणार नाही, आणि मुलांना सांगताना तुम्हीही ती दोन्ही सांगा. लॉरेन्सने पुढे कॅन्ससमध्ये गुलामगिरीविरोधी वस्ती बसवायला पैसा ओतला. तिथलं लॉरेन्स शहर त्याच्याच नावाचं.

बर्न्सला बॉस्टनच्या काळ्या लोकांच्या चर्चचे पाद्री लेनर्ड ग्राइम्स यांनी वर्षभरात १३०० डॉलर देऊन सोडवून आणलं. तो ओबर्लिन कॉलेजात शिकला, कॅनडात पाद्री झाला आणि १८६२ मध्ये, अठ्ठावीस वर्षांचा असताना वारला. मॅसॅच्युसेट्समधून त्याच्यानंतर कुणालाही परत पाठवता आलं नाही. १८५५ मध्ये राज्याने असा कायदा केला की केंद्राला हे काम जवळजवळ अशक्य व्हावं, आणि बर्न्सला परत धाडणारा कमिशनर लोरिंग याला त्याच्या राज्यातल्या न्यायाधीशपदावरून काढेपर्यंत लोक स्वस्थ बसले नाहीत.

वकील_नागपूर

अनुराधाताईंनी माणसं सांगितली, मी कज्जा सांगतो. सह्याद्रीचा वारा यांच्या 'राज्यांच्या हक्कां'बद्दल बोलणं भाग आहे.

साहेब, या एका विषयात पारडी उलटी होती. १८४२ मध्ये प्रिग विरुद्ध पेनसिल्व्हेनिया या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की फरारी गुलाम परत देणं हे केंद्राचं काम, राज्याचे अधिकारी त्यात हात लावायला बांधील नाहीत. त्यात मार्गारेट मॉर्गन नावाच्या बाईला आणि तिच्या मुलांना पेनसिल्व्हेनियातून उचलून नेलं होतं, निदान एक मूल तर त्याच राज्यात जन्मलेलं. निकाल नेणाऱ्याच्या बाजूने लागला, पण त्यातल्या या एका फटीतून उत्तरेच्या राज्यांनी आपली यंत्रणा बाजूला काढली. ती फट बुजवायला दक्षिणेने १८५० मध्ये काय मागितलं? केंद्राचे अधिकारी, केंद्राचा खर्च, केंद्राचं सैन्य, आणि राज्याच्या न्यायालयांनी मध्ये पडायचं नाही. केंद्राचा हात इतका लांब तोवर क्वचितच कुणी केला असेल.

उलट राज्यांच्या हक्कांची भाषा बोलू लागली उत्तर. विस्कॉन्सिनमध्ये मार्च १८५४ ला जोशुआ ग्लोव्हर नावाच्या माणसाला मिलवॉकीच्या तुरुंगातून लोकांनी दार फोडून सोडवलं. त्यात पुढे असलेले संपादक शर्मन बूथ यांच्यावर खटला झाला तेव्हा विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने हा केंद्रीय कायदाच घटनाबाह्य ठरवला. १८५९ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती टॉनी यांनी, तो निकाल उलटवला.

आता शेवटचा पुरावा, आणि तो दक्षिणेच्याच हातचा. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलायना देशातून फुटली तेव्हा तिने कारणांचा जाहीरनामा काढला. त्यात मेन, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स, विस्कॉन्सिन अशी उत्तरेची राज्यं नावानिशी मोजलीत. तक्रार काय? की या राज्यांनी स्वतःचे कायदे करून फरारी परत देण्याचं घटनेतलं वचन मोडलं. म्हणजे राज्यांनी आपला हक्क फार वापरला ही तक्रार. जॉर्जियाने तर डिसेंबर १८५० मध्येच ठराव करून ठेवला होता की हा कायदा इमानाने पाळला जातो की नाही यावर आमचं संघात राहणं अवलंबून आहे. जकातीसाठी ही भाषा मला त्या जाहीरनाम्यात दिसली नाही.

मेधाताई, तुमचा 'असून असून किती' हा प्रश्न रास्त होता. १८५० च्या जनगणनेत वर्षभरात पळालेल्यांचा आकडा १,०११ आहे. गुलाम होते ३२ लाख. त्यातही पळायचे ते मुख्यतः मेरीलँड, केंटकी, व्हर्जिनिया अशा सीमेवरच्या राज्यांतून. साउथ कॅरोलायनातून उत्तरेत पोचणं महाकठीण. तरी सगळ्यात आधी फुटली ती साउथ कॅरोलायना आणि शेवटपर्यंत संघात राहिले ते मेरीलँड आणि केंटकी. याचा अर्थ माणसं किती गेली हा हिशोब नव्हताच. गुलाम ही मालमत्ता आहे हे तुम्ही कबूल करता की नाही, हा प्रश्न होता. आणि ख्रिस्तियाना, बॉस्टन, मिलवॉकी इथून उत्तर येत होतं की नाही करत.

सह्याद्रीचा_वारा

वकीलसाहेब, जाहीरनामा आत्ता पूर्ण वाचून आलो. फरारी गुलामांचा मुद्दा खरंच मध्यभागी आहे. माझं विधान मी मागे घेतो. मी ते वर्षानुवर्षं ऐकीव बोलत होतो.

एक शंका. मग युद्ध सुरू झाल्यावर हा कायदा लगेच रद्द का नाही झाला? लिंकनने पहिल्याच भाषणात तो पाळण्याचं वचन दिलं होतं असं दिसतं.

अनुराधा_लँकेस्टर

दिलं होतं, मार्च १८६१ मध्ये. दक्षिण परत येईल या आशेवर. रद्द झाला तो २८ जून १८६४ ला, म्हणजे युद्ध तीन वर्षं चालल्यावर.

पण कागदावर रद्द व्हायच्या आधी तो मोडला तिघांनी. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी, जेम्स टाउनसेंड. मे १८६१ मध्ये व्हर्जिनियात दक्षिणेच्या फौजेसाठी तोफांचे मोर्चे बांधायला त्यांना जुंपलं होतं. एका रात्री ते होडीतून उत्तरेच्या ताब्यातल्या मन्रो किल्ल्यावर आले. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पांढरं निशाण घेऊन आला आणि १८५० च्या कायद्याने त्यांना परत मागू लागला. किल्ल्यावरचे सेनापती बटलर पेशाने वकील. ते म्हणाले, तुम्ही तर आमच्या देशातून बाहेर पडलात, मग परक्या देशाला आमचा कायदा कसा लागू? ज्या कायद्यासाठी फुटले, तो फुटल्यामुळेच गेला. बटलर यांनी तिघांना शत्रूचा जप्त माल म्हणून ठेवून घेतलं. माणूस म्हणून नाही, माल म्हणूनच. पण परत दिलं नाही. ही बातमी पसरली तसे आधी दहा, मग शेकडो, मग हजारो लोक बायकापोरांसह उत्तरेच्या छावण्यांकडे चालत आले.

मेधाताई, माझ्या मते फुल्यांच्या 'सदाचारी लोकां'मध्ये लॉरेन्स येतो, हॅनवे येतो. पण पार्कर, एलायझा, ग्राइम्स आणि होडीतले हे तिघे आधी येतात. ते पळाले नसते तर उत्तरेपुढे प्रश्नच आला नसता. म्हणून मला 'फरारी' हा शब्दही खुपतो. फरारी म्हटलं की गुन्हा करून पळालेला. मी घरी मुलीला सांगताना 'निसटून आलेले' म्हणते.

मेधा_शनिवार

सगळ्यांचे मनापासून आभार. वकीलसाहेब, १,०११ आणि ३२ लाख हे आकडे वहीत उतरवून घेतलेत.

काल शनिवार होता. फळ्यावर मी फक्त '१०' आणि '५' लिहिले आणि मुलांना विचारलं की ही कसली फी असेल. डॉक्टरची, शिकवणीची, बसची, सगळं सांगून झालं. मग कायदा सांगितला. त्यानंतर दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही. एका मुलीने विचारलं की पाच डॉलर घेऊन सोडून देणारा कमिशनर कुणी होता का. त्याचं उत्तरही मला शोधायचं आहे.

सायकलवाल्यांच्या मुलाने अर्पणपत्रिका पुन्हा काढून वाचली. मग म्हणाला, "बाई, एलायझाचं पुढे काय झालं?" अनुराधाताई, तेवढं सांगाल का?

अनुराधा_लँकेस्टर

पार्कर त्याच रात्री निघाला. दोन साथीदारांसह रॉचेस्टरला गुलामगिरीविरोधी चळवळीचे काळे नेते फ्रेडरिक डग्लस यांच्या घरी पोचला. ते स्वतः मेरीलँडमधून निसटलेले. त्यांनी तिघांना कॅनडाच्या बोटीत बसवलं आणि निघताना पार्करने गोरसचचं पिस्तूल त्यांच्या हातात दिलं. एलायझा मागाहून, लपतछपत, कॅनडात त्याला जाऊन मिळाली. पुढे ते बक्स्टनला स्थायिक झाले, निसटून आलेल्यांनी जंगल तोडून वसवलेल्या वस्तीत. तिथे त्यांची स्वतःची जमीन होती.

पुढच्या रविवारी मला सुट्टी आहे. ख्रिस्तियानाला जाऊन त्या खांबाच्या चारी बाजूंचे फोटो काढून तुम्हाला पाठवते. ३८ नावं आहेत, मुलांना वाचता येतील असे जवळून काढेन.